नंबरचं टेबल

सकाळी ६.४५

दसरा गुरुवारी आणि आज शुक्रवार. शनिवार-रविवार सरकारी सुट्टी, म्हणजे आजचा धरून कामाचे चारच दिवस हातात. पितृपक्षात शोरूममध्ये शुकशुकाट होता. लोक यायचे, गाडीत बसून बघायचे, रंग विचारायचे, पण सही कुणी करत नव्हतं. २२ सप्टेंबरला घटस्थापना झाली आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के आणि वर उपकर होता, तो सरळ १८ टक्क्यांवर आला. थांबून राहिलेलं सगळं गिऱ्हाईक एकदम आत आलं, आणि त्यातल्या प्रत्येकाला गाडी दसऱ्यालाच घरी न्यायची आहे.

मी गाड्या विकत नाही. माझ्याकडे नोंदणीचं काम आहे. पुण्यातल्या आमच्या शोरूममध्ये सगळे माझ्या जागेला ‘नंबरचं टेबल’ म्हणतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार नंबर पडल्याशिवाय विक्रेत्याला गाडी मालकाच्या ताब्यात देता येत नाही. पूर्वी लोक ‘अप्लाइड फॉर’ असा कागद चिकटवून महिनाभर हिंडायचे. ते दिवस गेले. त्यामुळे गुरुवारी सकाळी झेंडूचा हार घालून गाडी बाहेर काढायची, तर मंगळवारपर्यंत पासिंग व्हायला हवं आणि बुधवारी पाट्या लागायला हव्यात. मुहूर्त गुरुवारचा असला, तरी धावपळ आज.

सकाळी ९.३०

टेबलावर फायलींचा गठ्ठा. प्रत्येकीत फॉर्म २० म्हणजे नोंदणीचा अर्ज, फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्यालायक असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र, शिवाय विमा, आधार, पॅन. सतरा अक्षरी चासी नंबर मी गाडीपाशी जाऊन डोळ्यांनी ताडून बघते. नुसत्या कागदावरून कागदावर उतरवत नाही. मग फायलींचे दोन ढीग करते. एक रनिंगवाल्यांचा, म्हणजे जो येईल तो नंबर चालेल म्हणणाऱ्यांचा, आणि दुसरा चॉइसवाल्यांचा.

चॉइसचा ढीग दसऱ्याला नेहमीच मोठा असतो. यंदा तो जास्तच मोठा आहे. त्याचं एक कारण कर कमी झाल्यामुळे हातात उरलेले पैसे, आणि दुसरं कारण, मला वाटतं, हे काम आता घरबसल्या होतं हे लोकांना कळलंय. २०२४ च्या अखेरीपासून राज्यात पसंतीचा नंबर ऑनलाइन घेता येतो. परिवहनच्या संकेतस्थळावर जायचं, राज्य निवडायचं, आपलं आरटीओ निवडायचं, गाडीचा प्रकार निवडायचा. चालू मालिकेतले कोणते नंबर मोकळे आहेत ते समोर दिसतं, आणि प्रत्येकापुढे त्याचं शुल्कही. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, पैसे भरायचे, पावती घ्यायची.

ऐकायला साधं वाटतं. पण याआधी कोणता नंबर मोकळा आहे हे विचारायला ‘ओळखीचा माणूस’ लागायचा. तो सांगेल तेच खरं. ‘बघतो, साहेबांशी बोलतो’ म्हणायचा आणि आठवडाभर फोन उचलायचा नाही. नंबर मोकळा होता की नव्हता, सरकारी शुल्क किती आणि त्याचे किती, काही कळायचं नाही. म्हणून माझा एक नियम आहे. गिऱ्हाईकाला खुर्ची देऊन स्क्रीन त्याच्याकडे वळवायची. नंबर त्याने स्वतः शोधावा, रक्कम स्वतः वाचावी, पैसे स्वतःच्या खात्यातून भरावेत. यात माझी दहा मिनिटं जास्त जातात. जाऊ देत.

सकाळी १०.१५

पहिला फोन एका बांधकाम व्यावसायिकाचा. ‘मॅडम, एक नंबर पाहिजे. कितीला पडेल?’

दर मला तोंडपाठ आहेत. ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने ते बदलले. त्याआधीचे २०१३ सालचे होते. चारचाकीसाठी ०००१ हा नंबर राज्यात इतरत्र पाच लाखांना आहे. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशा जास्त मागणीच्या ठिकाणी सहा लाखांना. चालू मालिका सोडून दुसऱ्या मालिकेतला हवा असेल तर तिप्पट, म्हणजे पुण्या-मुंबईत अठरा लाख. ९, ९९, ९९९, ९९९९ आणि ७८६ यांना अडीच लाख. खाली एक लाख, सत्तर हजार अशा पायऱ्या आहेत. यादीत नाव नसलेला साधा नंबर निवडून घ्यायचा असेल तरी शुल्क आहेच, पण ते सामान्य माणसाच्या आवाक्यातलं.

‘सहा लाख? एवढ्यात तर लहान गाडी येते.’

‘येते,’ मी म्हणाले. ‘आणि सर, ही रक्कम परत मिळत नाही. मुदतीत गाडी नोंदवली नाही तर नंबरही जातो. घरी विचारून सांगा.’

मी कुणाला महागडा नंबर घ्यायला लावत नाही आणि कुणाला हसतही नाही. ज्याला ऐपत आहे तो सरकारच्या तिजोरीत उघड पावतीने पैसे भरतो. त्यात वाईट काही नाही.

सकाळी ११.००

भोरहून निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या मिसेस आल्या. दोघांच्या आयुष्यातली ही पहिली चारचाकी. गुरुजींनी खिशातून वहीचं पान काढलं. त्यावर बारीक अक्षरात आकडेमोड. मुलीचा वाढदिवस २३ ऑगस्ट, म्हणून २३०८ हवा.

शोधला. गेलेला. वाढदिवसाच्या तारखांचे नंबर भराभर जातात. दिवस-महिना असं मांडलं की वर्षाला जेमतेम तीनशे सहासष्ट आकडे होतात आणि मागणी सगळ्यांची त्यांच्यावरच.

गुरुजींचा चेहरा उतरला. मग बाई म्हणाल्या, ‘अहो, बेरीज बघा ना. दोन तीन शून्य आठ, तेरा, म्हणजे चार. बेरीज चार येणारा आणि सुरुवातीला तेवीस असलेला बघू.’

बेरजेचा हिशोब दिवसभर कानावर असतो. सगळ्यात जास्त मागणी नवाला. आठ नको म्हणणारेही बरेच, कारण आठ शनीचा. एकदा रिकाम्या वेळात मी मांडून पाहिलं होतं. १ ते ९९९९ मध्ये बेरीज नऊ येणारे नंबर बरोबर ११११ आहेत. आठ येणारेही ११११, आणि चार येणारेही तितकेच. एकाही अंकाला कमी-जास्त वाटा नाही. म्हणून ज्याला फक्त बेरीज नऊ हवी असते, त्याला मी आधी हे सांगते की रनिंगमध्येही नवातला एक नंबर तसा निघतोच. नशिबावर सोडायचं नसेल तरच पैसे भरा. काही जण ऐकून रनिंग घेतात. बरेचसे तरीही भरतात, कारण त्यांना खात्री हवी असते. ते मला पटतं. आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेल्या गाडीच्या बाबतीत माणसाला एक गोष्ट तरी आपल्या मनासारखी हवी असेल, तर त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणं मला बरं वाटत नाही.

गुरुजींनी चष्मा वर केला आणि स्वतः टाइप करायला लागले. २३२६ गेलेला. २३३५ मोकळा. बाईंनी मान हलवली, पण मन भरलेलं दिसेना. मग त्यांनीच सुचवलं, ‘तेवीस ऐंशी बघा.’

२३८०. मोकळा. तेच चार अंक, नुसते आठ आणि शून्य जागा बदलून बसलेले. बेरीज तीच. गुरुजींनी वहीच्या पानावर तो लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि म्हणाले, ‘घेऊन टाका.’ ओटीपी त्यांच्या फोनवर आला. त्यांनी एकेक अंक मोठ्याने वाचत भरला. पावती छापून आल्यावर मी त्यांना नाव पुन्हा वाचायला लावलं. पावतीवरचं नाव आणि फॉर्म २० वरचं नाव अक्षरन्अक्षर एकच हवं. मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल तर तिथेच गाडं अडतं.

दुपारी १२.१५

हडपसरचे बापलेक. मुलगा पंचविशीचा, एका कंपनीत कामाला. गाडी त्याच्या नावावर. वडील मागे उभे. मी दोनदा म्हटलं, ‘काका, बसा ना,’ तरी बसले नाहीत.

‘ताई, एकसष्ट सत्तेचाळीस मिळेल का?’ मुलाने विचारलं.

‘जन्मतारीख तर नाही ही.’

‘बाबांच्या रिक्षाचा नंबर.’

काकांनी तेवीस वर्षं रिक्षा चालवली. स्टँडवर नावाने हाक मारायची पद्धत नसते, नंबरने मारतात. ‘ए एकसष्ट सत्तेचाळीस, पुढं घे.’ बँकेतल्या कर्जाच्या कागदावर तोच नंबर, परमिटवर तोच, मुलाच्या शाळेत सोडायला-न्यायला येणाऱ्या गाडीची नोंद होती तिथेही तोच. मुलगा हे सांगत होता आणि काका खिडकीबाहेर बघत होते.

चालू मालिकेत रनिंग अजून बरंच मागे होतं. मागचे बहुतेक गेलेले असतात, पुढचे मोकळे असण्याची शक्यता असते. ६१४७ टाकला. मोकळा.

आता काका टेबलाजवळ आले. ‘पैसे किती?’

मुलाने रक्कम सांगितली.

‘मग कशाला? थोडे दिवस थांबू. नंबर चालत चालत तिथवर येईलच की.’

‘येईल काका,’ मी म्हणाले, ‘पण त्या दिवशी ज्याची फाइल त्या जागी असेल त्याला पडेल. आपल्यालाच पडेल असं नाही. आणि त्याआधी कुणी घेतला तर तेही नाही.’

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलाला म्हणाले, ‘रिक्षा विकली तेव्हा नंबर गेला म्हणून तुझी आई रडली होती. भर.’

मी पावती काढली, दोन प्रती. एक फाइलला, एक काकांच्या हातात. त्यांनी ती चार घड्या करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. असे नंबर यादीत नसतात. त्यांना व्हीआयपी कुणी म्हणत नाही. पण या टेबलावर मला सगळ्यात आवडणारं काम हेच. संगणकाला ६१४६ आणि ६१४७ सारखेच, दोन्ही साध्या शुल्काचे. ज्याला तो हवा आहे त्याला मात्र तो आणि तोच हवा असतो. आणि यासाठी त्याला कुणाच्या पाया पडावं लागलं नाही.

दुपारी १.४५

डबा. मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. अर्ध्यात फोन. एका बाईंचा मुलगा न्यू जर्सीला आहे, गाडी आईवडिलांना दसऱ्याची भेट. नंबर तो तिथून निवडणार. मी सांगितलं, नंबर त्याने कुठूनही शोधावा, पण गाडी वडिलांच्या नावावर असेल तर ओटीपी वडिलांच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणार. तेव्हा तो फोन चार्ज करून जवळ ठेवा आणि तिकडे सकाळ झाली की उरकून घ्या.

दुपारी ३.००

संगम पुलाजवळ आरटीओत. चारचाकीची नवी मालिका उघडायची असली की पहिल्या दिवसांचं काम अजून जुन्या पद्धतीने चालतं. हव्या त्या नंबरसाठी अर्ज, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मूळ शुल्काचा डीडी. एका नंबरला एकच अर्ज आला तर प्रश्न मिटला. जास्त आले तर यादी फलकावर लागते, आणि त्या अर्जदारांनी जास्तीच्या रकमेचा डीडी बंद पाकिटात टाकायचा. ठरलेल्या वेळी सगळ्यांसमोर पाकिटं फोडतात. ज्याची रक्कम मोठी, नंबर त्याचा.

माझ्याबरोबर मार्केट यार्डातले एक फळांचे व्यापारी होते. त्यांना ५५५५ हवा होता. अर्ज दोन. दुसऱ्या एक डॉक्टरीणबाई, वयाने पन्नाशीच्या पुढच्या. बाकावर दोघं शेजारी बसलेले, एकमेकांशी पावसाबद्दल बोलत होते. पाकिटात किती आहे ते दोघांनी आपापल्या घरी बसून ठरवलेलं.

चारला पाकिटं उघडली. आमच्या शेठजींचा डीडी पंचेचाळीस हजारांचा, बाईंचा साठ हजारांचा. अधिकाऱ्यांनी दोन्ही रकमा मोठ्याने वाचल्या, नोंद केली, सह्या घेतल्या. शेठजींना त्यांचा डीडी परत मिळाला. मला वाटलं होतं ते चिडतील. ते बाईंना म्हणाले, ‘अभिनंदन, डॉक्टर.’ आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘माझ्या लेखी त्याची तेवढीच किंमत होती.’

म्हणून मला बंद पाकीट आवडतं. अनेक राज्यांत ई-लिलाव उघड बोलीने होतो आणि समोरच्याची बोली दिसली की माणूस चढत जातो. केरळात एप्रिल २०२५ मध्ये कोचीच्या केएल ०७ मालिकेतला ०००७ पंचवीस हजारांपासून सुरू होऊन शेहेचाळीस लाख चोवीस हजारांवर थांबला. चंदीगडला २०२२ मध्ये ०००१ साठी पंधरा लाख चव्वेचाळीस हजार मोजले गेले, आणि तो लावायचा होता एका स्कूटरला. सरकारला महसूल मिळतो हे खरं. पण त्या आकड्यांत नंबरची किंमत किती आणि समोरच्याला हरवण्याची किती, ते वेगळं काढता येत नाही. पाकिटात माणूस स्वतःलाच विचारतो की मला हा कितीला हवा. आपल्याकडेही हे काम पूर्ण ऑनलाइन व्हावं, खेपा वाचाव्यात, डीडीसाठी बँकेत जाणं टळावं असं मला मनापासून वाटतं. फक्त ऑनलाइनही बोली झाकलेलीच राहावी. संगणकाला पाकीट बंद ठेवणं काही कठीण नाही.

शेठजींनी परतताना गाडीतच ठरवलं. ‘आता रनिंग घ्या. जो येईल तो आपला.’

संध्याकाळी ५.१५

शोरूममध्ये परत. पाट्यांचं पार्सल आलेलं. प्रत्येक पाटी फाइलशी ताडून बघायची. ॲल्युमिनियमची पाटी, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली निळ्या रंगात आयएनडी, आणि लेझरने कोरलेला वेगळा क्रमांक. बसवायला स्नॅप लॉक, तो एकदाच बसतो. काढायचा तर तोडावा लागतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ही पाटी कंपनीकडूनच येते.

एक तरुण थांबलेला. त्याने ८०५५ घेतलाय. इंग्रजी आकड्यांत वाकवून लिहिला की ‘बॉस’ वाचता येतो. तसाच ४१४१ चा ‘पापा’ करतात. त्याला पाटीवर तसं लिहून हवं होतं. मी त्याला पाटी दाखवली. अक्षरांची उंची, जाडी, मधलं अंतर सगळं ठरलेलं. वरून काही चिकटवलं तर दंड, आणि मुख्य म्हणजे अपघात होऊन एखादा पळून गेला तर साक्षीदाराला नंबर वाचता आला पाहिजे. यावर मी जरा जास्त बोलते हे मला माहीत आहे. पाटी मालकाच्या हौसेसाठी आहेच, पण आधी ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी आहे. त्याला दोन सेकंदांत वाचता यावी म्हणून ती आहे. तरुणाने ऐकून घेतलं. ‘आकडे आहेत ना तेच? मग ठीक आहे.’

एका फाइलला रनिंगमध्ये ०४२० पडेल अशी भीती होती, पण ती गाडी गेल्या मालिकेतच आटोपली. फसवणुकीचं कलम १ जुलै २०२४ पासून ३१८ झालं, भारतीय न्याय संहितेत चारशेवीस राहिलंच नाही. पण ते लोकांच्या बोलण्यातून जायला पिढी जाईल.

संध्याकाळी ६.३०

वाहन प्रणालीत दिवसाच्या शेवटच्या फायली चढवल्या. जिथे पसंतीचा नंबर आहे तिथे तो निवडायचा रकाना वेगळा. पावती क्रमांक टाकला की राखून ठेवलेला नंबर येतो आणि मालकाच्या नावापुढे बसतो. मग कर. वैयक्तिक नावावरच्या, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. कंपनीच्या नावावर घेतली तर कितीतरी जास्त. हे माहीत नसताना कुणी कंपनीच्या नावाने बुकिंग करून टाकतो आणि मग माझ्यासमोर डोक्याला हात लावून बसतो.

२३८० चढला. ६१४७ चढला.

रात्री ८.१०

बस स्टॉपवर फोन. एक मॅडम, उद्या बुकिंग करणार आहेत. ‘ताई, सत्तावीस चोपन्न आहे का हो अजून? बेरीज नऊ येते. माझ्यासाठी धरून ठेवाल का?’

‘मला धरून ठेवता येत नाही मॅडम, कुणालाच येत नाही. तुम्ही आत्ता घरी आहात ना? लॅपटॉप उघडा. राज्य महाराष्ट्र, पुढे पुणे, एमएच १२. मोटारकार. आता नंबर टाका.’

पलीकडे कळांचा आवाज. ‘दिसतोय! हिरवा दिसतोय.’

‘मग शुल्क वाचा आधी. परवडतंय?’

‘हो.’

‘गाडी कुणाच्या नावावर घेणार?’

‘माझ्याच.’

‘मग आधारवर आहे तसंच नाव टाका, सासरचं-माहेरचं काही बदलू नका. भरा पैसे. पावती आली की आधी स्पेलिंग बघा, मग मला पाठवा. सोमवारी साडेनऊला या, फाइल पहिली तुमचीच घेते.’